एकमत आणि मौन

(खानदेशातील पंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

ग्रामपंचायतीचे इतिवृत्ताचे पुस्तक उघडले, की एक वाक्य पानोपानी आढळते : ‘सदर विषयावर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ खाली सूचकाचे नाव, अनुमोदकाचे नाव, सह्या आणि क्वचित अंगठे. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातले गाव असो, की साक्री तालुक्याच्या डोंगरपट्टीतला पाडा असो, हे वाक्य बदलत नाही. इथे जमलेल्यांपैकी बहुतेकांनी ते कधी ना कधी लिहिले असेल, वाचले असेल किंवा त्याखाली सही केली असेल. वाक्य निर्दोष आहे. प्रश्न एवढाच, की ‘चर्चा होऊन’ या दोन शब्दांमागे प्रत्यक्षात काय घडले होते? ठराव सर्वांना पटला होता, की केवळ कोणी काही बोलले नव्हते?

एकमत आणि मौन ही दोन्ही इतिवृत्तात सारखीच दिसतात. गावाच्या जीवनात मात्र त्यांचे परिणाम फार वेगळे होतात. एकमताने झालेला निर्णय अडचणीच्या वेळी लोक उचलून धरतात. मौनातून झालेला निर्णय पहिल्याच अडचणीत उघडा पडतो, आणि मग ‘मला तेव्हाच वाटले होते’ असे म्हणणारे चार जण पुढे येतात. तेव्हाच वाटले होते, तर तेव्हाच ते का बोलले नाहीत, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

एका विहिरीचे उदाहरण

उदाहरणादाखल एक गाव कल्पावे. गावात पिण्याच्या पाण्याची नवी विहीर घ्यावयाची आहे. ग्रामसभेत विषय सहाव्या क्रमांकावर आहे. दुपार कलली आहे, शेतातली कामे खोळंबली आहेत. सरपंच नदीकाठच्या एका जागेचे नाव सुचवितात. भूजल तपासणीचा अहवाल अद्याप यावयाचा आहे, परंतु निधी मार्चअखेर खर्ची पडला पाहिजे. अभियंता मान डोलावतो. कोणी तरी अनुमोदन देते. ठराव मंजूर होतो.

त्याच सभेत मागच्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ बसले आहेत. उभ्या आयुष्यात त्यांनी त्या शिवारात अनेक विहिरी खोदल्या. त्या जागी थोड्याच खोलीवर काळा पाषाण लागतो आणि फाल्गुनातच पाणी मागे सरते, हे त्यांना ठाऊक आहे. पण ते मनाशी म्हणतात, ‘साहेबांनी पाहिले असेलच.’ अभियंता मनाशी म्हणतो, ‘गावाला आपली जमीन आपल्यापेक्षा अधिक माहीत.’ सरपंच म्हणतात, ‘कोणी हरकत घेतली नाही, म्हणजे जागा सर्वांना पसंत आहे.’ दाराशी उभी असलेली, रोज डोक्यावरून पाणी वाहणारी बाई काहीच म्हणत नाही, कारण तिला कोणी विचारलेलेच नाही.

या सभेत कोणी लबाड नाही आणि कोणी मूर्खही नाही. तरीही विहीर चुकीच्या जागी जाते. प्रत्येकाने दुसऱ्याच्या शहाणपणावर विसंबून आपले शहाणपण झाकून ठेवले, आणि सर्वांचे मिळून जे ज्ञान होते त्यातील काहीच निर्णयाच्या कामी आले नाही. चांगल्या माणसांच्या सभेतून वाईट निर्णय निघतो तो असा.

शास्त्रज्ञांनी काय पाहिले

या प्रकाराला इंग्रजीत १९५२ मध्ये विल्यम व्हाइट या अमेरिकन लेखकाने नाव दिले. पुढे येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अर्विंग जेनिस यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात त्याचा सविस्तर अभ्यास मांडला. मराठीत त्याला ‘समूहविचार’ म्हणता येईल. मात्र या शब्दाने फसू नये. समूहाने एकत्र बसून विचार करणे म्हणजे समूहविचार नव्हे. समूहातील सलोखा बिघडू नये म्हणून प्रत्येकाने आपला विचार थांबविणे, असा त्याचा अर्थ आहे.

जेनिस यांच्यासमोरचे प्रमुख उदाहरण एप्रिल १९६१ चे होते. क्यूबातील राजवट उलथविण्यासाठी सुमारे १,४०० क्यूबन निर्वासितांना ‘बे ऑफ पिग्ज’ येथे उतरविण्याची योजना अध्यक्ष केनेडी यांच्या सल्लागार मंडळाने मान्य केली. तीन दिवसांत ती मोहीम कोसळली आणि हजारांहून अधिक माणसे कैद झाली. मंडळात एकाहून एक विद्वान होते. त्यांपैकी इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांना योजना पसंत नव्हती. त्यांनी तसे टिपणही लिहून दिले होते, परंतु प्रत्यक्ष बैठकीत ते जवळजवळ गप्प राहिले. अध्यक्षांनी मन बनविले आहे, आता अधिक ताणू नका, अशी सूचना त्यांना खासगीत मिळाली होती. त्या मौनाची खंत त्यांनी पुढे स्वतःच नोंदवून ठेवली. अशी सूचना देणारा हितचिंतक प्रत्येक कार्यालयात असतो. ‘साहेबांच्या मनात वेगळे आहे, तुम्ही कशाला वाईट होता?’ हे त्याचे मराठी रूप सर्वांच्या परिचयाचे आहे.

त्याच मंडळींनी ऑक्टोबर १९६२ मध्ये, क्यूबातील क्षेपणास्त्रांचा पेच उभा राहिला तेव्हा, चर्चेची रीत बदलली. अध्यक्ष काही बैठकांना मुद्दाम अनुपस्थित राहिले, जेणेकरून त्यांच्या तोंडाकडे पाहून कोणी बोलू नये. वेगवेगळे पर्याय वेगवेगळ्या गटांनी मांडले व एकमेकांचे तपासले. अणुयुद्धाच्या उंबरठ्यावरून जग मागे आले. माणसे बहुतांशी तीच होती. फरक पडला तो रीतीत.

सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास केलेला प्रयोग याहूनही साधा आहे. कागदावरील तीन रेषांपैकी दिलेल्या रेषेएवढी रेषा कोणती, एवढेच सांगावयाचे होते. लहान मुलानेही चुकू नये असा हा प्रश्न. परंतु गटातील इतर सर्वांना आधीच पढविलेले होते आणि ते ठरल्याप्रमाणे एकमुखाने चुकीचे उत्तर देत. अशा वेळी खऱ्या परीक्षार्थींची सुमारे एकतृतीयांश उत्तरे गटाप्रमाणे चुकली. डोळ्यांना दिसत होते एक आणि तोंडाने सांगितले दुसरेच. या प्रयोगाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. गटात बरोबर उत्तर देणारा केवळ एक सोबती मिळाला, की चुकांचे प्रमाण पूर्वीच्या एकचतुर्थांशापर्यंत उतरले. म्हणजे खरे बोलण्यासाठी माणसाला बहुमत लागत नाही, एका माणसाची सोबत पुरते.

जेनिस यांच्या सिद्धांतातील प्रत्येक कलम पुढील संशोधकांनी मान्य केलेले नाही. जिव्हाळा असलेला प्रत्येक गट चुकीच्याच वाटेने जातो, असे नाही. तथापि, प्रमुखाने आपले मत आधी सांगितले, वेळेची घाई असली आणि बाहेरच्याचे ऐकण्याची सोय नसली, की गटाचा विवेक क्षीण होतो, हे अनुभवास येते.

राईनपाडा आणि मालेगाव

ही केवळ परदेशची किंवा प्रयोगशाळेतली गोष्ट नाही. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी जे घडले, ते खानदेशाला विसरता येणार नाही. त्या दिवशी रविवार होता आणि आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तेथे आले होते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश व चित्रफिती त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या. संशय आला, गर्दी जमली. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेण्यात आले आणि तेथेच मारहाणीत त्यांचा अंत झाला. मुले पळविण्याशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी ती माणसे होती.

जमाव आणि सभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरे. जमावाला विषयपत्रिका नसते, अध्यक्ष नसतो, इतिवृत्त नसते. तरीही या घटनेचा इथे विचार केला पाहिजे, कारण समूहविचाराची सर्व लक्षणे तिच्यात टोकाला गेलेली दिसतात. बाहेरून आलेल्याविषयी भय, आपण योग्यच करीत आहोत याची खात्री, पुराव्याची गरज न वाटणे आणि शंका घेणाऱ्याला जागा नसणे. त्या गर्दीत मनातून कचरलेला एकही माणूस नव्हता, असे म्हणता येणार नाही. परंतु मनात राहिलेल्या शंकेने कोणाचा जीव वाचत नाही. आणि हे घडले ते गावाने एकत्र बसून, ऐकून घेऊन, निवाडा करावा यासाठी बांधलेल्या वास्तूत. ही गोष्ट पंचायत सदस्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे.

त्याच दिवशी रात्री, शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मालेगाव येथे जवळजवळ तसाच प्रसंग उद्भवला. लहान मूल बरोबर असलेल्या एका कुटुंबावर हाच संशय घेऊन जमाव चालून आला. तेथे मात्र स्थानिकांपैकी काहींनी त्या कुटुंबाला आसरा दिला, आणि पोलिसांनी जमावाला तोंड देऊन त्यांची सुटका केली. अफवा तीच होती, भीती तीच होती, दिवसही तोच होता. एका ठिकाणी ‘थांबा’ म्हणणारा हात वेळेवर पुढे आला नाही. दुसऱ्या ठिकाणी तो आला. पाच जीव गेले आणि एक कुटुंब वाचले, यांतील अंतर एवढेच होते.

त्यानंतर जुलै २०१८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींच्या संदर्भात राज्यांना निर्देश दिले. व्हॉट्सॲपने भारतात संदेश पुढे पाठविण्यावर पाचची मर्यादा घातली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच किंवा अधिक व्यक्तींच्या समूहाने जात, समुदाय, भाषा आदी कारणांवरून केलेल्या हत्येसाठी स्वतंत्र तरतूद झाली. हे सर्व आवश्यकच होते. परंतु कायदा घटनेनंतर धावतो. घटनेच्या क्षणी गावात असतो तो शेजारी, पोलीस पाटील, शिक्षक आणि पंचायत सदस्य.

फडाचा धडा

खानदेशाने एकत्र निर्णय घेण्याची दुसरी, फार जुनी आणि अभिमानास्पद रीतही पाहिली आहे. धुळे जिल्ह्यातील पांझरा आणि नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धतीने पाणीवाटप चालत आले. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघणारा पाट आणि पाटाखालील जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि कोणत्या फडाला कोणते पीक द्यावयाचे, हे शेतकऱ्यांनी मिळून ठरवावयाचे. पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यावयाचे नाही, ते पाटकऱ्याने द्यावयाचे. पिकाच्या राखणीला जागल्या आणि देखरेखीला हवालदार. यांचे वेतन सर्वांनी मिळून द्यावयाचे. नदीला पाणी कमी असेल, त्या वर्षी कमी फड भिजवावयाचे.

ही व्यवस्था इतकी वर्षे टिकली यामागे केवळ गावकऱ्यांचा सलोखा नव्हता. तिच्या रचनेतच काही शहाणपण होते. बंधाऱ्यातले पाणी सर्वांच्या डोळ्यांसमोर असे. त्यामुळे निर्णय कोणाच्या शब्दावर नव्हे, तर दिसणाऱ्या वस्तुस्थितीवर होई. शेतकऱ्यांची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असे. त्यामुळे एखादा फड कोरडा ठेवण्याचा तोटा सर्वांना थोडाथोडा वाटून जाई, एकाच्याच माथी बसत नसे. आणि लक्ष ठेवणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम होते. ‘सर्वांनी लक्ष ठेवावे’ असे म्हटले, की कोणीच ठेवीत नाही, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते.

पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी आणि वीजपंप आले, प्रत्येकाला आपल्या मनाजोगते पीक घ्यावेसे वाटू लागले, आणि फडांचे क्षेत्र आक्रसत गेले. परंतु जो धडा त्यांनी दिला तो जुना होत नाही. एकत्र निर्णय चांगला होण्यासाठी माणसे चांगली असणे पुरेसे नाही. खरी माहिती सर्वांसमोर येईल आणि न पटलेले बोलणे कोणाला महागात पडणार नाही, अशी रीत घालून द्यावी लागते.

‘सर्वानुमते’तील सर्व कोण?

फडाविषयी बोलताना एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. तिथे मत होते ते जमीनधारकाला. भूमिहीन मजूर आणि शेतात राबणारी स्त्री यांचे मत त्या एकमतात मोजलेले नव्हते. ज्यांना मोजलेच नाही, त्यांचा विरोध दिसत नाही, आणि मग एकमत सोपे होते.

या संदर्भात साने गुरुजींचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरला शिक्षक होते. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला झालेल्या, ग्रामीण भागातील पहिल्या काँग्रेस अधिवेशनासाठी त्यांनी परिश्रम घेतले. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांना प्रवेश नाही, ही गोष्ट तेव्हाच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या ‘सर्वमान्य’ होती. जे बाहेर उभे होते, ते त्या ‘सर्वां’मध्ये धरलेले नव्हते, एवढाच त्या सर्वमान्यतेचा आधार. गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा करून गावोगावच्या लोकांशी संवाद साधला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. ते १० मे रोजी, मंदिर खुले करण्याचा निर्णय झाल्यावर सुटले. विरोधाचा सूर काढणारा माणूस समाजाचा वैरी नसतो. समाजाच्या सद्‌बुद्धीवर त्याचा विश्वास असतो, म्हणूनच तो बोलतो.

आजच्या ग्रामसभेतही ‘सर्व कोण?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. कायद्यानुसार ग्रामसभेला गणपूर्ती लागते, ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला मात्र सर्वसाधारणपणे ती अट उरत नाही. परिणामी दोन-तीन हजार वस्तीच्या गावात वीस-पंचवीस माणसांनी केलेला ठरावही ‘सर्वानुमते’च लिहिला जातो. तो कायदेशीर असतो, पण तो गावाचा असतोच असे नाही.

यात भाषेचाही एक पदर आहे. खानदेशात घराघरांत अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी, कोकणी अशा बोली नांदतात. सभेचे कामकाज मात्र छापील मराठीत चालते. ज्या स्त्रीला शेताची, पाण्याची, मुलांच्या आजारांची इत्थंभूत माहिती आहे, ती ‘आपले बोलणे चारचौघांत हसण्यावारी जाईल’ या धास्तीने गप्प बसते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या गाण्यांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे महाराष्ट्राला त्या बोलीतील जीवनज्ञान कळले. घरच्यांनी ती गाणी टिपून ठेवली नसती, तर ते सारे हरपले असते. प्रत्येक गावात असे न टिपलेले ज्ञान असते आणि ते बहुधा सभेच्या मागच्या रांगेत बसलेले असते.

एकमत कमावावे लागते

तर मग एकमत वाईट, असे समजावयाचे काय? तसे नाही. विनोबांनी ग्रामदानाच्या विचारात सर्वसंमतीलाच महत्त्व दिले होते. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये त्यांची गीतेवरील प्रवचने झाली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हा तर खानदेशाचा ठेवाच आहे. बहुमताने एकावन्न जणांनी एकोणपन्नासांना गप्प बसवावे, यापेक्षा सर्वांना पटेपर्यंत बोलावे, हे केव्हाही श्रेष्ठ. परंतु ‘पटेपर्यंत’ या शब्दाला तिथे मोल आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने हे करून दाखविले आहे. तेथे निर्णय सर्वसहमतीने होतात. एकाचीही असहमती असली, तर विषय पुढे ढकलून चर्चा चालू ठेवतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निर्णयापूर्वी अभ्यास गटात बसून विषयाची माहिती घेण्याची, बाहेरच्या जाणकारांना प्रश्न विचारण्याची आणि उलटसुलट बाजू तपासण्याची प्रथा त्या गावाने पाडली. अभ्यास गटात निर्णय घ्यावयाचा नाही, समजून घ्यावयाचे. निर्णय घ्यावयाचा तो ग्रामसभेत. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यामुळे शंका विचारणाऱ्यावर विरोधक असल्याचा शिक्का बसत नाही. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविणारे हे गाव याच वाटेने तिथवर पोहोचले.

खानदेशातही साक्री तालुक्यातील बारीपाडा या गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखले. या कार्यासाठी त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आपल्याच जंगलातील लाकूडतोडीवर आपणच निर्बंध घालणे हा घरोघरच्या चुलीला भिडणारा निर्णय असतो. तो वरवरच्या होकाराने दीर्घकाळ टिकत नाही. राईनपाडा आणि बारीपाडा ही दोन्ही एकाच तालुक्यातली गावे आहेत, ही गोष्ट निराश होऊ पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावी.

करावयाच्या काही गोष्टी

समूहविचार टाळण्यासाठी नवा निधी लागत नाही की नवी समिती लागत नाही. पुढील साध्या प्रथा पुरेशा आहेत.

पहिली, सभेच्या अध्यक्षाने आपले मत शेवटी सांगावे. सरपंच असोत, मुख्याध्यापक असोत वा जिल्ह्याचे अधिकारी असोत, त्यांनी ‘माझ्या मते’ अशी सुरुवात केली, की चर्चा तिथेच संपते. हाताखालच्या व्यक्तीला प्रथम बोलू द्यावे.

दुसरी, महत्त्वाच्या विषयावर एका सदस्याकडे हरकती शोधण्याचे काम सोपवावे आणि हे काम प्रत्येक सभेत वेगळ्या व्यक्तीकडे द्यावे. त्यामुळे हरकत घेणे हे भांडण न राहता कर्तव्य होते. अॅश यांच्या प्रयोगातील तो एक सोबती अशा रीतीने प्रत्येक सभेत उपलब्ध होतो.

तिसरी, ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची कायद्याची तरतूद कागदावर न राहता अमलात यावी, आणि तिचे म्हणणे ग्रामसभेत सर्वांत आधी वाचले जावे. ज्याला ज्या बोलीत बोलावयाचे असेल, त्या बोलीत बोलू द्यावे. लिहून घेणाऱ्याने मराठीत लिहावे.

चौथी, ‘ऐनवेळी येणारे विषय’ या सदराखाली मोठ्या खर्चाचे किंवा परत न फिरविता येणारे निर्णय घेऊ नयेत. असे निर्णय एका सभेत मांडावेत आणि पुढच्या सभेत कायम करावेत. मधल्या दिवसांत मागच्या रांगेतल्या वृद्धाला सरपंचांच्या ओट्यावर जाऊन आपले म्हणणे सांगता येते.

पाचवी, इतिवृत्तात हरकत कोणी घेतली, काय घेतली आणि तिचे उत्तर काय दिले, हे लिहावे. ज्या ठरावाखाली एक हरकत आणि तिचे समाधान नोंदलेले आहे, तो ठराव नुसत्या ‘सर्वानुमते’हून अधिक बळकट असतो. पुढे चूक निघाली, तरी ती कुठे झाली हे शोधता येते.

सहावी, अफवेच्या प्रसंगी गावातील चार विश्वासू माणसे आधीच ठरलेली असावीत. पोलीस पाटील, शिक्षक, एक महिला सदस्य, एक तरुण. अनोळखी माणूस अडविला गेला, तर त्याला जमावापासून वेगळे करणे आणि ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळविणे, एवढेच त्यांचे काम. त्या वेळी कोणी विचार करून पुढे येईल, या भरवशावर राहू नये.

शिक्षकांचा वाटा यांत सर्वांत मोठा आहे. वर्गात ‘समजले का?’ असे विचारले, की चाळीस मुले एका सुरात ‘हो’ म्हणतात. तोच सूर पुढे ग्रामसभेत ऐकू येतो. त्या सुरात न मिसळता ‘गुरुजी, मला नाही समजले’ म्हणणाऱ्या मुलाला शाबासकी मिळाली, तर वीस वर्षांनी त्या गावाला एक चांगला पंचायत सदस्य मिळेल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. ते पालक केवळ सह्यांपुरते बोलाविले जातात की त्यांचे ऐकूनही घेतले जाते, हे तपासून पाहण्यास शाळेइतकी योग्य जागा नाही.

‘पाचामुखी परमेश्वर’ अशी आपली जुनी म्हण आहे. पाच जण बोलले तर त्यांच्या मुखातून परमेश्वर बोलतो, असा तिचा आशय. पण त्यासाठी पाचही मुखे उघडली पाहिजेत. एकाने बोलावे आणि चौघांनी माना डोलवाव्यात, तर तिथे एकच माणूस बोललेला असतो, आणि एक माणूस चुकू शकतो. पुढच्या ग्रामसभेत ठरावावर सही करण्यापूर्वी प्रत्येक सदस्याने मागच्या रांगेकडे एकदा वळून पाहावे आणि तेथे बसलेल्यांना नावाने विचारावे, ‘तुमचे काय म्हणणे आहे?’ त्यानंतर जे लिहिले जाईल, त्याला ‘सर्वानुमते’ हा शब्द शोभून दिसेल.